मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर: इसबगोल की लॅक्टुलोज?

ऑपरेशनपेक्षा नंतरच्या पहिल्या शौचाची धास्ती मोठी. मी ऐन मे महिन्यात, नागपूरच्या ४५ अंशांत, दोन्ही घेऊन पाहिलं.

इसबगोल स्वस्त आणि घरोघरी असलेलं. भुशी पाणी शोषून फुगते आणि मल मऊ, एकसंध होतो. चमचाभर भुशी ग्लासात ढवळून फोनवर बोलत बसलो, तर तिची खळ झाली. चमचा उभा राहिला. म्हणून ढवळलं की लगेच प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. खरी मेख इथेच आहे. आपल्याकडच्या उन्हात अर्धं पाणी घामातच जातं, आणि पाणी कमी पडलं तर भुशी आतच गोळा होऊन बसते. परिणामालाही १२ तास ते ३ दिवस लागतात.

लॅक्टुलोज म्हणजे पाकासारखं गोड औषध. ते पचत नाही, आतड्यात पाणी ओढून आणतं. एक-दोन दिवसांत काम होतं, पण पोट गुडगुडतं, गॅस होतो. डोस जास्त झाला तर जुलाब, आणि ताज्या जखमेवर जुलाब म्हणजे आगच. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

माझा कौल? ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनी पोट जड होतं, जेवणही जात नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यात लॅक्टुलोज, पुढे इसबगोल. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसणं दोन्हींसोबत हवंच. तर्री-पोहे मात्र महिनाभर दुरूनच पाहिले.