एकतर्फी हुकूमनामा झालाय: अर्ज की अपील?

बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला कळलं की आपल्यावर दावा झाला, चालला आणि आपल्या गैरहजेरीतच निकालीही निघाला, म्हणजे एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम निर्णय) झाला. समन्स चिकटवलं होतं मी सोडलेल्या फ्लॅटच्या दाराला. वाद फर्निचरच्या बिलाचा. बरेचसे पैसे दिल्याच्या तीन पावत्या माझ्या फाईलला होत्या.

रस्ते दोन. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल १३ खाली त्याच कोर्टात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज, नाहीतर त्याच संहितेच्या कलम ९६(२) खाली जिल्हा न्यायालयात अपील. मुदत दोन्हीकडे ३० दिवसच, पण अपिलात ती हुकूमनाम्यापासून धावते. अर्जात, समन्सच नीट बजावलं नसेल तर, हुकूमनामा कळल्या दिवसापासून. दरखास्तीला (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला) स्थगिती मात्र कुठेही गेलात तरी वेगळी मागावी लागते.

अपिलाचा मोह मलाही झाला होता. अर्जात आपणच पिंजऱ्यात उभं राहायचं: घर कधी सोडलं, भाडेकरार कुठाय, गॅस कधी बदलून घेतला. उलटतपासात घाम फुटतो.

पण अपील चालतं खालच्या कोर्टातल्या कागदांवर, आणि तिथे होतं काय? वादीचं शपथपत्र, वादीची बिलं. माझी ना कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), ना उलटतपास. पावत्या दाखवायच्या तर आधी ऑर्डर ४१ रूल २७ खाली जादा पुराव्याची परवानगी मागा, आणि ती सहसा मिळत नाही. ज्याने पैसे भरले त्यानेच पावती दाखवायला परवानगी मागायची, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. वर रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी.

शिवाय अपील निकाली निघालं (मागे घेतलं तर गोष्ट वेगळी) की अर्जाचं दार बंद. उलट अर्ज फेटाळला गेला तरी गुणदोषांवर अपील करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने भानुकुमार जैन विरुद्ध अर्चना कुमार प्रकरणात म्हटलंय. फक्त तिथे गैरहजेरीचं कारण पुन्हा उगाळता येत नाही.

समन्स हातात पडूनही तुम्ही गेला नसाल, किंवा दावा मुळातच मुदतबाह्य असेल, तर कदाचित अपीलच बरं. तुमच्या वकिलांना विचाराच.

माझा अर्ज मंजूर झाला, वादीला १,५०० रुपये खर्च देण्याच्या अटीवर. त्यांच्या वकिलांनी नोटा दोनदा मोजल्या. पुढच्या तारखेला कैफियत दिली आणि तिन्ही पावत्या यादीसोबत दाखल केल्या.