‘फ्री ऑल्टरेशन’च्या आड मापाची आणि किमतीची फसवणूक: तयार पँट घेताना हे बघून घ्या

पँट घालून आरशासमोर उभं राहिल्यावर सेल्समन मागे जाऊन कमरेचं जास्तीचं कापड मुठीत धरत असेल आणि "बघा काका, काय फिटिंग आलंय" म्हणत असेल, तर आधी त्याला मूठ सोडायला लावा आणि त्यात किती कापड होतं ते मोजा. माझ्या वडिलांना पुण्यात पेठेतल्या एका दुकानात याच पद्धतीने दोन पँटी विकल्या गेल्या. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव इथे लिहीत नाही.

बहिणीचा साखरपुडा जवळ आला होता आणि बाबांच्या नेहमीच्या टेलरकडे तारीख मिळत नव्हती. बाबांची कंबर 36. टॅगवर 36 लिहिलेलं. पँट चढवली तर कमरेला चांगलीच ढगळ. बाबांनी लगेच विचारलं, "ही 36 कशी?" उत्तर तयार होतं: "काका, हा रिलॅक्स फिट आहे. मागून थोडी दाबून देतो, फ्री. आमचा मास्टर आतच बसतो." समोरून आरशात पँट खरोखर चांगली दिसत होती. मागून बघायला दुसरा आरसाच नव्हता. पैसे आधी घेतले, मग पँटी आत गेल्या. परत आल्या त्या घडी घालून पिशवीतच. बाबा पुन्हा घालून बघायला म्हणाले तेव्हा ट्रायल रूममध्ये गिऱ्हाईक आहे, असं सांगितलं.

घरी घातल्यावर सगळं उघडं पडलं. मागचे दोन्ही खिसे सरकून एकमेकांना जवळजवळ चिकटले होते. कमरेला घट्ट, मांडीला झोळ, आणि खुर्चीत बसताना मधली शिवण ओढली जात होती. कंबर इंच-दीड इंच कमी करणं वेगळं. त्यापेक्षा जास्त मागच्या शिवणीतून घेतलं की पँटचा तोलच जातो, कारण सीट आणि मांडी मोठ्या मापाचीच राहते. आमच्या टेलरने पँट उलटी करून आतली शिवण दाखवली. जास्तीचं कापड कात्रीने कापून टाकलं होतं. चांगला कारागीर शिवणीत माया ठेवतो, म्हणजे पुढे उसवून सैल करता येते. इथे ती वाटच बंद केली होती. कमरपट्टीच्या आत शिवलेलं साईझचं लेबलही उसवून काढलेलं, टाक्यांच्या खुणा मात्र तशाच.

मग मी टॅगवरचा स्टिकर नखाने सोलला. वर होतं: साईझ 36, किंमत 2,499, ऑफरमध्ये 1,650. खाली कंपनीने छापलेलं: साईझ 40, 102 सें.मी., एमआरपी 1,495. म्हणजे पडून राहिलेला 40 चा माल 36 म्हणून विकला, आणि तोही छापील किमतीपेक्षा जास्त दराने. सवलत मिळाली या समाधानात बाबा घरी आले होते, याचा मला अजून राग येतो.

दुकानात परत गेलो तर मालकाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ शिवाय, "ऑल्टर झाला म्हणजे माल तुमचा." माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ते ऑल्टरेशन ग्राहकाच्या सोयीसाठी नव्हतंच, माल परत येऊ नये यासाठी होतं.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. त्यासाठी बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस धरले जातात. फक्त रंग आवडला नाही किंवा मन बदललं, तर दुकानदारावर हे बंधन नाही, हे मान्य. पण खोटं माप चिकटवून विकणं म्हणजे मन बदलणं नव्हे. आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तूंच्या नियमांप्रमाणे एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही. किंमत कमी केल्याचा स्टिकर लावता येतो, पण त्याने मूळ किंमत झाकायची नाही. खुल्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवरही एमआरपी आणि सेंटिमीटरमधलं माप हवं, असा बदल 2022 मध्ये झाला आहे.

आमची खरी अडचण पुराव्याची झाली. दुकानाने दिलेल्या चिठ्ठीवर फक्त ‘एस्टिमेट’ आणि आकडा. दुकानाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. यूपीआयचे पैसेही दुकानाच्या नावावर न जाता कोणा व्यक्तीच्या खात्यात गेले होते. तरी तो व्यवहार, दोन्ही थर दिसतील असे टॅगचे फोटो आणि उलट्या केलेल्या पँटचे फोटो कामी आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवली आणि स्टिकरबद्दल वैधमापन विभागाकडे (वजन-माप आणि छापील किंमत तपासणारं सरकारी खातं) लेखी अर्ज दिला. त्यानंतर मालकाचा फोन आला, "दुसऱ्या पँटी घेऊन जा." बाबांनी नकार दिला. पैसे परत हवेत आणि लेखी हवं, एवढंच ते म्हणाले. ते मिळालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही.

तुम्ही जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. घरची सगळ्यात नीट बसणारी पँट बटण लावून सपाट पसरा, कंबर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून दुप्पट करा, मांडी आणि बॉटमचंही माप लिहून घ्या. दुकानातली पँट तशीच मोजा. कंपन्या लेबलपेक्षा इंच-दीड इंच सैल ठेवतात, ते चालतं. चार इंचांचा फरक असेल तर त्या टॅगवर शंका घ्या. घातल्यावर बसा, उकिडवं बसा, सोबतच्या माणसाला मागून फोटो काढायला सांगा. लांबी कमी करून घ्यायला हरकत नाही, पण कंबर तिथल्या तिथे दाबून घेऊ नका. घ्यायचीच असेल तर आधी छापील बिल हातात, टॅग तुमच्याकडे, आणि माया कापायची नाही हे मास्टरला तोंडावर सांगा.

पेठेतल्या दुकानातून कोणाला अशीच ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी मिळाली असेल तर ती फेकू नका. टॅग असेल तर स्टिकर सोलण्याआधी आणि सोलल्यावर, दोन्ही वेळी फोटो काढा आणि 1915 वर स्वतंत्र तक्रार नोंदवा.