धारावीचा कुंभारवाडा: माठ घ्यायला जा, पण मागच्या बोळात शिरा

सायन स्टेशनच्या पश्चिमेला उतरून नव्वद फुटी रस्ता धरला की चालत पंधरा-वीस मिनिटांत कुंभारवाडा येतो. रस्त्याला लागून असलेल्या दुकानांत कुंड्या, माठ, टेराकोटाचे गणपती आणि रंगवलेल्या पणत्यांची रेलचेल असते. नुसती खरेदी इथेच उरकते, पण मग वाडा पाहायचा राहून जातो.

इथले प्रजापती कुंभार मूळचे सौराष्ट्रातले, आधी दक्षिण मुंबईत राहायचे. शहर वाढलं तशी त्यांची वस्ती उत्तरेकडे सरकवली गेली आणि १९३० च्या दशकात ते धारावीत आले. वाडा सुमारे साडेबारा एकरांचा. घरं अरुंद पण लांबलचक: रस्त्याच्या तोंडाला विक्री, मध्ये संसार, मागे चाक, आणि त्याच्याही मागे दोन-चार घरांत मिळून एक आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी. पुनर्विकासाची चर्चा निघाली की कुंभार का बिथरतात, हे मागचं अंगण पाहिल्याशिवाय कळत नाही. ओला माल वाळवायला जमीन लागते, आणि आवा काही सातव्या मजल्यावर लावता येत नाही.

माती ट्रकने येते, बरीचशी गुजरातेतून. ती भिजवायची, चाळायची, पायाने मळायची. मग विजेचं चाक. माठाचा फक्त गळा आणि वरचा भाग चाकावर पूर्ण होतो. पोट नंतर आतून दगडी गोटा धरून बाहेरून थापीने ठोकत फुगवतात. थापीचा आवाज येईल त्या बोळात वळावं. आव्यात चिंध्या आणि कापसाचा कचरा जळतो, वर फुटक्या खापऱ्यांचं झाकण. धूर भयंकर असतो. दम्याच्या माणसांनी भट्टी पेटलेली असताना जाऊ नये. पावसाळ्यात माल वाळत नाही, आणि अर्धओलं भांडं आव्यात गेलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं. म्हणून जून ते सप्टेंबर पाहायला कमीच मिळतं. दिवाळीआधीचे आठवडे सर्वांत जिवंत. पण तेव्हा कुंभाराला बोलायला फुरसत नसते. सकाळी जा. फोटो विचारून काढा. तुम्ही कोणाच्या तरी न्हाणीघरासमोर उभे असता.

माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर भाजणी नीट, भद्द आला तर कच्ची किंवा बारीक चीर. आत हात फिरवा: पांढरे ठिपके म्हणजे मातीतले चुनखडीचे कण. भाजल्यावर ते कळीचा चुना होतात, हवेतली ओल शोषून फुगतात आणि महिन्याभराने तिथला टवका उडतो. बाहेरून वॉर्निश मारलेला माठ घेऊ नका. छिद्रं बुजली की पाणी पाझरत नाही आणि गारही होत नाही. नवा माठ २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं पाणी फेका, आत साबण कधी लावू नका. दोनेक उन्हाळ्यांनी पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजतात. मग त्याची कुंडी करावी. पणत्या दोन-तीन तास भिजवून वाळवल्या की तेल कमी पितात.

चकचकीत कप-बश्या मात्र बहुतेक बाहेरच्या. रस्त्यावरच्या दुकानांत उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचा माल इथल्या मातीच्या शेजारीच मांडलेला असतो आणि कोणी आपणहून सांगत नाही. ‘आ अहींनुं छे?’ (हे इथलंच आहे का?) असं गुजरातीत विचारलं की निम्म्या वेळा हसून खरं सांगतात.

खाण्याच्या बाबतीत अपेक्षा आवरा. काठियावाडी, म्हणजे सौराष्ट्राच्या थाळीचं हॉटेल शोधायला येऊ नका. ते जेवण घरांत शिजतं. त्याची खूण दुकानात सापडते: तावडी, म्हणजे मातीचा तवा, ज्यावर बाजरीचा रोटलो भाजतात. वाड्यातली ही सर्वांत चांगली खरेदी. रात्रभर भिजवा, पूर्ण वाळवा, तेलाचा हात फिरवा आणि पहिल्यांदा अगदी मंद आचेवर वीस मिनिटं तापवा. आपल्या भाकरीला वरून पाणी लावायची सवय इथे जपून. तापलेल्या तावडीवर गार पाणी सांडलं की तडा ठरलेला. ओला हात नुसता फिरवला तरी पुरे. आच वाढवायची घाई नको, माती उशिरा तापते पण उशिरापर्यंत तापलेली राहते. 

भूक लागलीच तर नव्वद फुटी रस्त्यावर तमिळ वस्तीची इडली आहे, तीही स्थलांतराचीच गोष्ट, पण वेगळ्या दिवसासाठी. येताना कापडी पिशवी, जुनी वर्तमानपत्रं आणि सुटे पैसे आणा. बांधून देतात, पण लोकलच्या गर्दीत माठ टिकेल असं बांधत नाहीत. मोठा रांजण घेतला तर थेट टेम्पो ठरवा.