टोरंटोचं हॉकी हॉल ऑफ फेम: कप बघाच, पण भिंतीवर कोण नाहीये तेही बघा

आइस हॉकीतल्या दिग्गजांच्या या म्युझियमला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला ते खाली येतंच.

आधी कामाचं. युनियन स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटं, ब्रूकफील्ड प्लेसच्या खालच्या मजल्यावर एंट्री, थंडीत पाथ या भुयारी वाटांच्या जाळ्यातून आतल्याआत पोचता येतं त्यामुळे बर्फ तुडवायची भानगड नाही. गाडी आणू नका, डाऊनटाऊनचं पार्किंग परवडत नाही. पोरं बरोबर असतील तर खरा पक (रबरी चकती, आइस हॉकीतला चेंडूच म्हणा) मारून स्क्रीनवरच्या गोलकीपरला चकवायचा गेम आहे, तिथून ती हलणार नाहीत हे धरून चाला. माँट्रियल कॅनेडियन्स या टीमच्या ड्रेसिंग रूमची हुबेहूब नक्कल केलीये, गोलकीपरांचे जुने मास्क आहेत, सगळं भारी आहे.

पण खरी मजा वरच्या ग्रेट हॉलमध्ये. ही 1885 ची बँक ऑफ माँट्रियलची इमारत, वर रंगीत काचांचा घुमट, म्युझियम इथे आलं 1993 मध्ये. सगळ्या ट्रॉफ्या एका हॉलमध्ये, मध्ये स्टॅनले कप (उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगच्या विजेत्यांना मिळतो, त्यांची नावंही त्यावर कोरतात) आणि भिंतीवर काचेच्या पट्ट्यांवर हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्यांची नावं. बहुतेक लोक कपाबरोबर फोटो काढतात, सगळ्यात गाजलेल्या ग्रेट्झ्कीचं नाव शोधतात आणि निघतात. तसं नका करू. कपावर 1994 ची न्यूयॉर्क रेंजर्सची नावं शोधा, त्यात स्टीव्ह लार्मर सापडेल. मग सर्वोत्तम नवख्या खेळाडूला मिळणारी काल्डर ट्रॉफी बघा, 1983 ला परत लार्मर. आता भिंतीवर शोधा बरं. नाहीये!

हा माणूस इथलाच, ऑन्टारियोतल्या पीटरबरोचा. शिकागोसाठी सलग 884 मॅच खेळला, 1982 पासून 1993 पर्यंत एकही चुकवली नाही, आणि ती साखळी तुटली तीसुद्धा दुखापतीने नाही, त्याने ट्रेड (दुसऱ्या टीमकडे बदली) मागितला आणि तो होईपर्यंत सीझन सुरू झाला तरी घरी बसला म्हणून, तेव्हाचा विक्रम डग जार्विसचा 964 होता म्हणजे जेमतेम एका सीझनचं अंतर राहिलेलं. 1006 मॅचमध्ये 1012 पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), वर बचावातही पक्का. 1991 च्या कॅनडा कप या देशादेशांतल्या स्पर्धेत अमेरिकेविरुद्ध कॅनडाचा एक खेळाडू पेनल्टीवर बाहेर असताना निर्णायक गोल याचाच. तरी नाव निघालं की पब्लिक आधी शिकागोच्याच सावार्डबद्दल बोलतं. आपल्याकडे पद्माकर शिवलकरांचा विषय निघाला की जुने मुंबईकर जसे हळहळतात ना, शिकागोवाले लार्मरबद्दल तसेच बोलतात.

बर्नी निकल्सचंही तेच. लॉस एंजलिस किंग्सकडून 1988-89 ला 70 गोल, 150 पॉइंट. एका सीझनमध्ये 150 गाठणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातले बाकीचे एकतर या भिंतीवर आहेत नाहीतर अजून खेळतायत, फक्त हा बाहेर. कारण काय तर त्या वर्षी टीममध्ये ग्रेट्झ्की आला होता, म्हणून सगळं क्रेडिट त्याला! अरे पण ग्रेट्झ्कीबरोबर खेळलेल्या प्रत्येकाने 70 मारले का? आणि बोस्टनचा रिक मिडलटन, 988 पॉइंट, 1983 च्या प्लेऑफमध्ये बफेलोविरुद्ध एकाच सिरीजमध्ये 19 पॉइंट, बोस्टनने 2018 मध्ये त्याचा 16 नंबर रिटायर केला, इथे मात्र नाव नाही.

निवड 18 जणांची कमिटी करते, 14 मतं लागतात आणि चर्चा बंद दाराआड. कोणाला का वगळलं ते कधीच कळत नाही. माझा एक स्टार तिथे गेला. पियेर टर्जनला 515 गोल असून 2023 पर्यंत ताटकळावं लागलं. मोगिल्नी तर 1989 मध्ये स्टॉकहोमहून सोव्हिएत टीम सोडून पळून आलेला, 1992-93 ला त्याने 76 गोल ठोकले, त्याचा नंबर लागला 2025 मध्ये. गंमत म्हणजे टर्जन भिंतीवर आहे पण कपावर नाही, आणि लार्मर बरोबर उलटा.

पोरांना अजून दोन-तीन नावं सांगाच. ड्रेसिंग रूमच्या त्या नकलेपाशी उभं राहून लॅरी क्वाँगबद्दल सांगा, 13 मार्च 1948 ला माँट्रियलमध्येच रेंजर्सकडून एनएचएलमध्ये उतरलेला पहिला आशियाई वंशाचा खेळाडू, त्याला अख्ख्या मॅचमध्ये मिनिटभर बर्फावर सोडलं आणि मग परत कधीच नाही. टोरंटोचा हर्ब कार्नेगी कृष्णवर्णीय म्हणून एनएचएलपर्यंत पोचूच शकला नाही, त्याला 2022 मध्ये घेतलं, तेही खेळाडू म्हणून नाही तर ‘बिल्डर’ म्हणजे खेळ वाढवणाऱ्यांच्या गटात, आणि तो जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती. आणि आपला रॉबिन बावा, ब्रिटिश कोलंबियातला पंजाबी पोरगा, एनएचएल खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू, 61 मॅच. टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातली आपली कार्टी आता स्केट्स बांधून रिंकवर असतात, त्यांना हे नाव माहीत असायला हवं की नको?

जुन्या बँकेच्या तिजोरीत कपाचं मूळ भांडं आणि जागा संपली म्हणून कपावरून काढलेल्या जुन्या नावांच्या पट्ट्या ठेवल्यात, तिथे गर्दी कमी असते, आरामात वाचत बसा. दोन-तीन तास सहज जातात. फक्त फायनलच्या वेळी आणि उन्हाळ्यात असली कप जिंकलेल्या टीमबरोबर फिरत असतो आणि हॉलमध्ये नक्कल ठेवतात, तेव्हा पाहुण्यांना खास कपासाठी नेत असाल तर निघण्याआधी साइटवर चेक करा.