एसटीचं हाफ तिकीट : बरेच महिने वापरल्यावर

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. कागदावर ‘महिला सन्मान योजना’, गाडीत नुसतं ‘एक फुल, एक हाफ’. तालुक्याला रोज जा-ये सुरू झाल्यापासून मी बरेच महिने ती वापरतेय. लालपरीपासून शिवनेरीपर्यंत सगळ्या गाड्यांना लागू, फक्त राज्याच्या हद्दीपर्यंत. ना फॉर्म, ना उत्पन्नाचा दाखला, ना खात्यात पैसे कधी पडतात याची वाट. सवलत जागच्या जागी मिळते, आणि एवढ्यासाठीच मी तिला वरचे गुण देईन.

खरा फरक घरात पडला. आधी लग्नकार्य असो की दवाखाना, दोघांचं भाडं कशाला म्हणून घरातला पुरुष एकटाच जायचा. आता उलटं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना तर ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. त्या जाऊबाईंना घेऊन डोळे दाखवायला परस्पर जाऊन येतात, कुणाला विचारत बसत नाहीत. पण त्याच हिशेबाने बँक, रेशनकार्डाची दुरुस्ती, मुलाच्या कॉलेजची कागदपत्रं हेही आमच्या गळ्यात आलं. “तूच जा, तुझं हाफ आहे.” त्या दिवशीचा रोज बुडतो तो कुणी धरत नाही. तरी मला ते नको झालेलं नाही. बँकेत काउंटरवर उभं राहून चार प्रश्न विचारायची सवय लागली, ती घरी बसून लागली नसती.

आता तक्रारी. बायका वाढल्या, आमच्या मार्गावरच्या गाड्या तेवढ्याच. सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि ‘फुकट्यांची गर्दी’ असा टोमणा मिळतो तो वेगळा. अहो, उरलेलं अर्धं सरकार महामंडळाला देतं, आम्ही कंडक्टरच्या खिशातून काढत नाही! जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा आमचं हाफही तेवढंच चढलं.

सगळ्यात मोठी अडचण संध्याकाळची. शेवटची गाडी चुकली की वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, आणि तिथे पूर्ण भाडं, वर डाळीसारखं शिजत बसायचं. त्यामुळे पाचपर्यंत सुटणारं कामच बघावं लागतं; शिवणाच्या क्लासची सातची बॅच मी याच पायी सोडली. मला कुणी विचारलं तर हाफचं पाऊण करा, पण आठला एक गाडी सोडा.