१०० मिलीचा देशी हाय-प्रेशर रिॲक्टर: मिथेनच्या कामाला कितपत?

एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलचं भांडं, मॅग्नेटिक ड्राइव्हचा स्टिरर, कमाल १०० बार आणि ३०० अंश. हायड्रोजनेशन करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावा. मिथेनचं मेथेनॉल करायचं असेल, तेही ५० अंशांवर, पाण्यात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने, तर मात्र हे यंत्र आहे तसं घेऊ नका. ते दणकट कामासाठी बनलंय आणि सौम्य कामातच अडखळतं.

पारखायला कार्डिफ विद्यापीठातल्या ग्रॅहम हचिंग्ज यांच्या गटाची २०१२ ची पद्धत बरी: कॅटॅलिस्ट म्हणून लोखंड-तांबं असलेला झेडएसएम-५ झिओलाइट (सच्छिद्र खनिजासारखी पूड) २७ मिलिग्रॅम, ०.५ मोलर पेरॉक्साइड १० मिली, मिथेन सुमारे ३० बार, १५०० आरपीएम, अर्धा तास. या भांड्यात १० मिलीत इम्पेलर (स्टिररचं पातं) नीट बुडत नाही. कॅटॅलिस्ट आणि द्रावण दुप्पट घ्या, म्हणजे २० मिलीला ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड साधारण १ मिली.

पहिली अडचण भांड्याच्या धातूचीच. उघडं स्टील पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, आणि कॅटॅलिस्ट मंद आहे असं आपल्याला वाटत राहतं. टेफ्लॉनचा लायनर वेगळा मागवावा लागतो. तो पहिल्याच ऑर्डरमध्ये घाला. पण लायनर घातला म्हणजे झालं, असं नाही. शाफ्ट, इम्पेलर आणि थर्मोवेल (तापमापकाची नळी) द्रावणात बुडलेलेच असतात. इम्पेलरला टेफ्लॉन कोटिंग, थर्मोवेलला टेफ्लॉनची नळी आणि उरलेल्या स्टीलला २० टक्के नायट्रिक आम्लात अर्धा तास. मग कॅटॅलिस्ट न घालता, नायट्रोजनच्या ३० बारखाली ब्लँक (कोरी चाचणी) चालवा आणि आधी-नंतरचं पेरॉक्साइड सेरिक सल्फेटने, फेरॉइन हा रंगदर्शक टाकून टायट्रेट करा. पाच टक्क्यांहून जास्त घट दिसली तर कुठेतरी धातू उघडा आहे. पेरॉक्साइड मेथेनॉलपेक्षा महाग, त्यामुळे हा धंदा नव्हे, अभ्यासच. पण अभ्यासालाही हिशोब जुळायला हवा.

लायनरमुळे दुसरी अडचण उभी राहते. टेफ्लॉनमधून उष्णता हळू जाते आणि बँड हीटर ३०० अंशांच्या हिशोबाचा. ५० चा सेटपॉइंट दिला की तापमान सरळ पुढे पळतं. आधी ४० वर थांबवून मग ५० करा, किंवा हीटर काढून भांडं पाण्याच्या बाथमध्ये बसवा. दुसरा उपाय चांगला.

स्टिरर चांगला आहे. २५ अंशांना ३० बारखाली एक लिटर पाण्यात मिथेन विरघळतो जेमतेम ४० मिलिमोल, त्यामुळे वायू द्रावणात ओढणारा पोकळ शाफ्ट पैसे देऊन घ्यावा. लोडशेडिंगचं मात्र बघा: वीज परत आली की या कंट्रोलरचा हीटर आपोआप सुरू होतो, स्टिरर बंदच राहतो. स्टिरर आणि कंट्रोलर यूपीएसवर टाका.

गळती तपासताना उन्हाळ्यात हमखास फसगत होते. ३० बारला १० अंशांच्या फरकाने दाब साधारण १ बार हलतो. दुपारी भरलेलं भांडं, मग कुलर लावला, काटा खाली आला, आणि माणूस साबणाचं पाणी घेऊन नसलेली गळती शोधत बसतो. खोलीचं तापमानही लिहून ठेवा. उन्हाळ्यात पेरॉक्साइडही आपोआप मोडत जातं; बाटली फ्रिजमध्येच ठेवा, आणि लेबलवरच्या ३० टक्क्यांवर विसंबू नका.

सोबतचा रेग्युलेटर नायट्रोजनचा, उजव्या आट्यांचा. मिथेनला डाव्या आट्यांचा लागतो, तो वेगळा घ्या. मिथेनने तीनदा फ्लश करा आणि व्हेंटची नळी थेट फ्यूमहूडमध्ये सोडा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगी पुरते.

उघडण्याआधी भांडं बर्फात १० अंशांखाली आणा, नीडल व्हॉल्व्ह अगदी सावकाश सोडा. घाई केली तर मेथेनॉलही वायूबरोबर निघून जातं. लायनर आणि भांड्यामधल्या फटीत साचलेले थेंबही तपासा. एनएमआरमध्ये (रेणू ओळखायची तपासणी) मेथेनॉलचं शिखर ३.३ पीपीएमच्या आसपास दिसतं, मिथाइल हायड्रोपेरॉक्साइड ३.८ जवळ, फॉर्मिक आम्ल ८.३ जवळ. तांबं कमी पडलं की तिसरं शिखर वाढतं.

रप्चर डिस्क (दाब फार वाढला की फुटणारी सुरक्षा चकती) एकच येते, दोन जादा मागा. आणि इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही करण्याआधी इंजिनिअरसमोरच लायनर घालून पेरॉक्साइडचा ब्लँक चालवून घ्या. नुसती नायट्रोजनची प्रेशर टेस्ट दाखवून तो निघायला बघेल.