घरच्या वाय-फायला बॅकअप ड्राइव्ह जोडला, त्याला नऊ महिने झाले

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सासूबाईंच्या कॅसेटचं एक कपाट आहे. ४० वर्षं त्यांनी घरी गाणं शिकवलं. शिकवणी असो, बैठक असो की पहाटेचा रियाज, टेपरेकॉर्डर चालूच असायचा. मोजल्या तेव्हा ३१० कॅसेट भरल्या. दोन वर्षांपूर्वी मी त्या लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या. ९० मिनिटांची एक कॅसेट वेव्ह फाइलमध्ये घेतली की साधारण ९५० एमबी होते. एमपी३ केली तर खूप लहान होईल, पण मूळ प्रत तशी ठेवायची नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

बॅकअपला एक पोर्टेबल हार्ड डिस्क होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती लावायची असं ठरलं होतं, पण रविवारी पाहुणे येतात, लग्नं असतात, कंटाळा येतो. मग ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या गावच्या विश्वामित्री नदीला पूर आला. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण समा भागात नणंदेच्या घरी तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. टेबलाखालचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकदमच गेलं. त्यात भाच्याच्या मुंजीचे फोटो होते. त्या धसक्याने मी आमची डिस्क काढून लावली, तर ती टक्‌ टक्‌ वाजायला लागली आणि उघडेचना. तिच्यावरचा शेवटचा बॅकअप मार्चमधला होता. लॅपटॉप धड होता म्हणून काही गेलं नाही, पण मधले पाच महिने सगळं एकाच डिस्कच्या भरवशावर होतं, हे कळल्यावर रात्री झोप लागली नाही.

दिवाळी झाल्यावर एक वायरलेस बॅकअप ड्राइव्ह आणला. ४ टीबीची एक डिस्क, स्वतःचा वाय-फाय आणि मागे एक लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची वायर लावायची खाच. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी सांगणार आहे त्यातलं बहुतेक या जातीच्या कुठल्याही डब्याला लागू आहे. विंडोजमध्ये त्याची जागा ३.६३ टीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.

जोडणीतला पहिला घोळ असा की हा डबा चालू केल्यावर आपलं वेगळंच वाय-फाय सुरू करतो. मोबाइलमध्ये नवं नाव दिसलं म्हणून आम्ही त्याला जोडलो. ड्राइव्ह दिसला, पण प्रिंटर दिसेनासा झाला. घरात राउटर आधीपासून असेल तर सेटिंगमध्ये ‘असलेल्या नेटवर्कला जोडा’ किंवा ‘ब्रिज मोड’ हा पर्याय निवडायचा. नाहीतर राउटरच्या मागे दुसरा राउटर उभा राहतो आणि घरातली अर्धी यंत्रं उरलेल्या अर्ध्यांना ओळखत नाहीत. हे पाच मिनिटांचं काम आहे, माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

पहिला बॅकअप मात्र वाय-फायवरून घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. माझ्याकडे ६२० जीबी माल होता. आमचं घर जुनं, विटा-चुन्याच्या दीड-दीड फुटी भिंती. राउटर मधल्या मजल्यावर, माझी खोली गच्चीलगत. तिथे सेकंदाला जेमतेम ४ ते ५ एमबी जात होते. हिशेब केला तर दीड दिवस लागणार होता. रात्री लॅपटॉप झोपी गेला आणि सकाळी बघते तर काम अर्ध्यावर थांबलेलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप खाली नेऊन राउटरला वायर लावली, तरी ११ च्या पुढे जाईना. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचे निघाले. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १२ एमबीच्या वर जाण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी लॅपटॉप आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये थेट लॅनची वायर टाकली. सव्वादोन तासांत सगळं आत.

त्यानंतरचं रोजचं काम हलकं असतं. दिवसाला एखाद-दुसरी कॅसेट, मुलाच्या कॉलेजचं काहीबाही, ह्यांचे ऑफिसचे कागद. विंडोजचं फाइल हिस्टरी दर तासाला बदललेल्या फाइली उचलून ड्राइव्हवर टाकतं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर असो की गच्चीत, कुणाला काही लावायचं नसतं, काही आठवायचं नसतं. नऊ महिन्यांत घरात ‘बॅकअप घेतलास का?’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नाही. याच्यासाठीच हे यंत्र घ्यावं.

वेगाचं एक गुपित मला दोन महिन्यांनी कळलं. ड्राइव्हही वाय-फायवर आणि लॅपटॉपही वाय-फायवर असेल, तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते: लॅपटॉपकडून राउटरकडे आणि तिथून ड्राइव्हकडे. दोघांनी एकच लहर वाटून घ्यायची म्हटल्यावर वेग निम्मा होणारच. मी ड्राइव्ह राउटरच्या शेजारी ठेवला, एक मीटरची वायर लावून टाकली आणि लॅपटॉप तेवढे बिनतारी राहू दिले. गच्चीलगतच्या खोलीत ४ चे ८ झाले. नावात वायरलेस आहे म्हणून ड्राइव्हला वायर लावायची नाही असं थोडंच आहे?

आता माझी खरी तक्रार. फेब्रुवारीत आमच्या भागात वीज तासभर गेली होती. वीज आल्यावर राउटरने ड्राइव्हला नवा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा नवा क्रमांक दिला. लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर शोधत बसला आणि बॅकअप बंद पडला. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र तसाच तेवत होता. ११ दिवस! मला कळलं तेही योगायोगानेच, एक जुनी फाइल बघायला ड्राइव्ह उघडला म्हणून. ज्या यंत्राचं कामच मुळी भरवसा देण्याचं आहे, त्याने गप्प राहून बंद पडावं हे मला मुळीच पटत नाही. मदत केंद्राला लिहिलं, तर ‘रीसेट करून पाहा’ एवढंच उत्तर आलं. उपाय आमच्या मुलाने केला. राउटरमध्ये ड्राइव्हच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी कायमचा राखून ठेवला, आणि राउटर व ड्राइव्ह दोन्ही छोट्या यूपीएसवर घेतले. चालू असताना वीज गेली की कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कवरची नोंदवही बिघडू शकते, त्यामुळे यूपीएस हवाच होता. वीज फार लागत नाही. १० वॅट धरले तरी महिन्याला सात-सव्वासात युनिट. शिवाय दर शनिवारी शेवटच्या बॅकअपची तारीख मी स्वतःच्या डोळ्यांनी बघते. दिव्यावर विश्वास ठेवत नाही.

मार्चमध्ये मुलाच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चं नवं व्हर्जन आलं आणि त्याला ड्राइव्ह उघडेना. चूक आमची होती. सोय म्हणून आम्ही पासवर्ड न ठेवता पाहुणा म्हणून प्रवेश चालू ठेवला होता, आणि नव्या व्हर्जनमध्ये तसा प्रवेश आपणहून बंद असतो. बंद असतो तेच बरं. प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड केला. बाहेरगावाहून ड्राइव्ह उघडण्याची सोय मात्र मी पहिल्याच दिवशी बंद केली होती. जून २०२१ मध्ये एका जुन्या मॉडेलचे इंटरनेटला जोडलेले ड्राइव्ह जगभर बाहेरून रिकामे केले गेले होते. घरातला बॅकअप घरातल्यांनाच दिसला पाहिजे.

आणि आता जुलैची गोष्ट. मुलाने आजीच्या कॅसेटमधली खरखर काढायला घेतली, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. पोरगं मनापासून करत होतं. १९८७ च्या पावसाळ्यातलं गौड मल्हार, सासूबाईंच्या बहरातलं. साफ करून त्याने त्याच नावाने फाइल सेव्ह केली आणि आजीला हेडफोन लावून दिला. त्यांनी डोळे मिटले. मिनिटभराने हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, तंबोऱ्याचा खर्ज कुठे गेला?”

मी ऐकलं. आवाज स्वच्छ होता, पण खालचं सगळं गेलं होतं. सॉफ्टवेअरला खरखर कुठली हे दाखवायला मुलाने गाणं सुरू होण्याआधीचे काही क्षण निवडले होते. त्या क्षणांत तंबोरा वाजत होता. सॉफ्टवेअरने तंबोऱ्यालाच खरखर समजून त्या अख्ख्या कॅसेटमधून पुसून टाकलं. कॅसेट पुन्हा उतरवावी म्हटलं, तर तिची फीत मागेच तुटलेली.

फाइल हिस्टरी उघडलं, फोल्डर गाठला, मागच्या तारखांकडे सरकले. १२ दिवसांपूर्वीची प्रत तिथे होती. परत आणायला दोन मिनिटंही लागली नाहीत. हेडफोन पुन्हा लावल्यावर सासूबाईंची बोटं मांडीवर तंबोऱ्याच्या तारांच्या क्रमाने हलायला लागली, आणि मुलगा जाऊन त्यांच्या पायाशी बसला.

म्हणून दोन डिस्कवाला महागडा ड्राइव्ह घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी सांगते: आरशासारख्या दोन डिस्क, म्हणजे दोन्हींवर सतत तेच, एक डिस्क मेल्यावर उपयोगी पडतात. फाइल बिघडवली तर ती दोन्हीकडे एकाच क्षणी बिघडते. आमचा तंबोरा जुन्या आवृत्त्यांनी परत आणला, जादा डिस्कने नव्हे. ड्राइव्ह घेताना जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात तेवढं नीट बघा. मी एक वर्ष ठेवल्या आहेत.

पण हा ड्राइव्ह आमच्याच घरात आहे. आग, चोरी, विजेचा झटका यापैकी काही झालं तर लॅपटॉपबरोबर तोही जाईल. नणंदेच्या टेबलाचा खण मी विसरलेली नाही. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने सांगितलेला हिशेब मला पटतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. त्यासाठी एक नवी पोर्टेबल डिस्क घेतली. ती माझ्या भावाकडे मांजलपूरला, तिसऱ्या मजल्यावर, वहिनीच्या लोखंडी कपाटात असते. दर महिन्याला भाऊबीज असल्यासारखी मी तिकडे जाते, डिस्क आणते, भरते, पुढच्या रविवारी परत देऊन येते. हे काम अजून माणसाच्या आठवणीवरच आहे, पण वहिनी फोन करून आठवण करते, त्यामुळे ते चुकलेलं नाही.

कॅसेट अजून ६४ राहिल्यात. काल सासूबाईंनी स्वतः कपाटातून एक काढून दिली. लेबलवरची शाई उडाली आहे, नुसतं ‘केदार, घरी’ एवढं वाचता येतं. आज दुपारी ती लावली आहे.